टायरमध्ये हवा भरा म्हटलं, त्यात उमेदवाराचं काय चुकलं?

देवगडची हिशेबनीस
नमस्कार मंडळी. आमची पिकअप आहे, हंगामात देवगडहून वाशीला आंबा जातो. गाडी दीर चालवतात, डिझेलचा हिशेब मी ठेवते. लेक रत्नागिरीला राज्यशास्त्र शिकते, सध्या अमेरिकेतल्या २००८ च्या निवडणुकीवर लिहितेय. ओबामांनी प्रचारात लोकांना टायरमध्ये हवा नीट ठेवायला आणि गाडी वेळेवर ट्यून करायला सांगितलं, त्यावरून विरोधी उमेदवार मॅककेन यांच्या लोकांनी त्यांची खिल्ली उडवली, असं तिच्या वाचनात आलं. जेवताना विषय निघाला तर दीर म्हणाले, "हवा भरून कुठं तेल वाचतं? पुढाऱ्यानं बोलायची गोष्ट आहे का ती?" लेक ताटावरून उठायच्या बेतात होती. मला एवढंच कळायला हवंय, हवेनं खरंच फरक पडतो का? आणि पडत असेल तर एवढा गदारोळ कशापायी?

हातखंबा टायरवाला
ताई, फरक पडतो. आमचं दुकान वडिलांपासून महामार्गावर आहे, आंब्याच्या गाड्या रोज समोरून जातात. गाडी उभी राहिली की मी आधी टायरवरून तळवा फिरवतो. दोन्ही कडा गुळगुळीत आणि मधली नक्षी खोल असेल तर समजायचं, ही गाडी कमी हवेवर धावलीय. टायर दबला की फिरताना जास्त चेपतो, इंजिनाला जोर लावावा लागतो आणि तो जोर डिझेलमधून येतो. अमेरिकी सरकारचाच आकडा आहे: चारही टायरांची हवा सरासरी एक पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) उतरली की मायलेज सुमारे ०.२ टक्के घटतं. हवा फारच कमी असेल तर योग्य हवेनं ३ टक्क्यांपर्यंत फायदा होतो. देवगड-वाशी जाऊन-येऊन नऊशे किलोमीटर धरा, लिटरला बारा धरा, म्हणजे पंचाहत्तर लिटर. त्याचे ३ टक्के म्हणजे सव्वादोन लिटर. शिवाय टायर लवकर बाद होतो तो खर्च वेगळाच.

आता राजकारण. त्या जुलैत कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं होतं आणि पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर. मॅककेन म्हणत होते, समुद्रात तेलविहिरी खोदू द्या. ३० जुलैला मिसुरीतल्या स्प्रिंगफिल्डला ओबामा म्हणाले की सगळ्यांनी टायरची हवा आणि ट्यूनिंग सांभाळलं तर खोदून मिळेल म्हणतात तेवढं तेल वाचेल. झालं! मॅककेन यांच्या प्रचारवाल्यांनी हवा मोजायचे गेज वाटले, त्यांवर छापलं होतं 'ओबामांची ऊर्जा योजना'. अख्ख्या योजनेतलं एक वाक्य उचलायचं आणि हीच त्यांची योजना म्हणून लोकांसमोर धरायची, राग येतो तो याचा. ४ ऑगस्टला मिशिगनमधल्या लान्सिंगला ओबामांनी स्वच्छ ऊर्जेसाठी दहा वर्षांत १५० अब्ज डॉलर आणि २०१५ पर्यंत विजेवर चार्ज होणाऱ्या दहा लाख गाड्या असा आराखडा मांडला होता. तो पटेल न पटेल, पण वाद त्यावर घाला ना.

आणि तुमच्या लेकीला हे जरूर लिहायला सांगा: दुसऱ्याच दिवशी मॅककेन स्वतः फोनवरच्या सभेत म्हणाले की हवा भरायला माझा विरोध नाही, अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनही तेच सांगते. म्हणजे सल्ला खरा आहे हे त्यांनाही मान्य होतं.

चिपळूणचा मास्तर
टायरवाले भाऊ, ओबामांनीही वाक्य जरा ताणलंच. सगळ्यांच्याच टायरांत हवा कमी नसते, त्यामुळे "सगळ्यांनी भरली तर" हा हिशेब मोठाच येणार.

हातखंबा टायरवाला
मास्तर, बरोबर आहे, "तेवढंच तेल" असं छातीठोक बोलायला नको होतं. पण दुसरं पारडंही बघा. समुद्रात तेल काढण्यावरची बंदी उठवली तरी २०३० च्या आधी उत्पादनावर आणि किमतीवर म्हणण्यासारखा परिणाम नाही, असं अमेरिकी सरकारच्याच ऊर्जा माहिती खात्यानं २००७ मध्ये सांगितलं होतं. हवा आज सकाळी भरता येते. आणि टायरची हवा ही काय एका पक्षाची गोष्ट होती? सन २००० मध्येच त्यांच्या संसदेनं कायदा केला, आणि १ सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या मोटारीत हवा उतरली की दिवा लागणारी यंत्रणा सक्तीची झाली. मला वाईट वाटतं ते याचं की अशी थट्टा झाली की दुसऱ्या बाजूचा माणूस हवा तपासायलाही लाजतो. आपल्याकडे पीसीआरए ही इंधन बचतीचा प्रचार करणारी सरकारी संस्था १९७८ पासून हेच सांगतेय, निवडणूक नसली की कोणी नावं ठेवत नाही.

मिरकरवाड्याचा तांडेल
आमच्याकडे टायर नाही, पण गोष्ट तीच. होडीच्या तळाला शिंपले-शेवाळ धरलं की तीच होडी त्याच वेगाला जास्त डिझेल पिते. म्हणून होडी वर ओढली की आधी तळ खरवडून घेतो. बंदरावर मतं मागायला येतात ते सगळे डिझेलवरच्या कराच्या परताव्यावर बोलतात. तो हवाच, त्याच्यासाठी आम्ही भांडतो. पण तळ साफ ठेवा म्हणून कोणी सांगितलं तर त्याला हसायचं कशाला? दोन्ही चालू शकतं की.

देवगडची हिशेबनीस
सगळ्यांचे आभार. दिरांना सव्वादोन लिटरचा हिशेब दाखवला, गप्प बसून परत परत वाचत होते. आता त्यांचाच प्रश्न आहे: पेट्या भरल्यावर हवा वाढवायची का? आणि वाटेत घाट चढून टायर तापला तर थोडी सोडायची का?

हातखंबा टायरवाला
भरल्या गाडीला किती हवा ते दाराच्या आतल्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं. मागच्या टायरांचा आकडा पुढच्यापेक्षा वेगळा असू शकतो, तो नीट बघा. हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासायची. तापल्यावर गेज जास्त दाखवतो, तेव्हा अजिबात सोडू नका, थंड झाल्यावर ती कमीच पडेल. पंपावर हवा फुकट असते, दिरांना स्वतः उतरून आकडा बघायला सांगा. आणि स्टेपनी विसरू नका. तिच्यात हवा नसते हे लोकांना पंक्चर झाल्यावर, रात्री, घाटात कळतं.