अनुभव धागा: दहावीच्या आधीच मैदान का सुटतं?

सातवीपर्यंत रोज मैदानावर दिसणारी मुलं नववीत आठवड्यातून दोनदा येतात आणि दहावीच्या जूनपासून दिसेनाशी होतात. कारण विचारलं की घरचे आणि मूल, दोघंही ‘अभ्यास’ एवढंच सांगतात. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. मुलांबरोबर रोज मैदानावर असणाऱ्यांना इथे लिहायचं आमंत्रण दिलं आहे. आपबीती नको. काय बिघडतं, कधी बिघडतं आणि कशाने सावरतं, ते नेमकं लिहा.

क्रीडाशिक्षक, माध्यमिक शाळा

शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. सातवी-आठवीच्या आसपास १४चा गट संपतो आणि मूल एकदम १७च्या गटात जातं. तिथे समोर दहावी-अकरावीची, मिसरूड फुटलेली मुलं उभी असतात. गेल्या वर्षीचा कर्णधार या वर्षी राखीव खेळाडू होतो. नेमका त्याच जूनमध्ये क्लास लागतो. त्यामुळे नववीतली गळती मला अभ्यासाइतकीच गटबदलाची वाटते.

उपाय शाळेच्या हातात आहे. १७च्या गटातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांचा वेगळा ‘ब’ संघ करा आणि जुलै-ऑगस्टमध्ये आजूबाजूच्या शाळांशी त्याचे किमान पाच-सहा सराव सामने लावा. सामना खेळायला मिळतो ते मूल टिकतं. नुसत्या फेऱ्या मारणारं, चेंडू आणून देणारं मूल दिवाळीनंतर येत नाही.

दुसरी अडचण तासांची. दहावीचे जादा तास बहुतेक ठिकाणी शाळा सुटल्यावर असतात, सरावही तेव्हाच असतो. एप्रिलमध्ये, सुट्टीतल्या वर्गांचं वेळापत्रक छापण्याआधी, वर्गशिक्षकांशी बसून दहावीच्या खेळाडूंना सकाळचे तीन दिवस, सव्वासहा ते सव्वासात, ठरवून घ्यावेत. जूनमध्ये बोलायला गेलात तर उशीर झालेला असतो.

बोर्डाच्या परीक्षेत खेळाडूंना मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांबद्दल पालकांची समजूत फार अर्धवट असते. गुण कमाल २५ आणि ते स्पर्धेच्या पातळीप्रमाणे मिळतात. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून मंडळाकडे जातो. निमंत्रित स्पर्धांची, गावच्या चषकांची प्रमाणपत्रं यात चालत नाहीत. सगळ्यात जास्त अडकतं ते नाव. प्रमाणपत्रावर एक स्पेलिंग, शाळेच्या जनरल रजिस्टरवर दुसरं. स्पर्धा संपल्यावर मैदान सोडण्यापूर्वी नाव, जन्मतारीख, गट आणि क्रमांक तपासा, चूक तिथेच दुरुस्त करून घ्या. वर्षभराने त्या कार्यालयात फेऱ्या मारून कंटाळलेले पालक धाकट्या भावंडाला खेळू देत नाहीत, हे नुकसान कुठल्याच कागदावर दिसत नाही.

फिजिओथेरपिस्ट, वाढत्या वयाच्या खेळाडूंसोबत काम

गळतीचं एक मोठं कारण दुखणं आहे. ते कारण म्हणून नोंदलं जात नाही, कारण एक्स-रेमध्ये ठळक काही दिसत नाही.

उंची सर्वात वेगाने वाढते ती मुलींची बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांची चौदाव्या. हाड आधी लांबतं, स्नायू मागे राहतो, आणि स्नायूबंध जिथे हाडाला चिकटतो ती कोवळी जागा ओढली जाते. गुडघ्याच्या वाटीखाली दोन बोटांवर टेंगूळ येऊन दुखतं तो ऑसगुड-श्लाटर. टाचेच्या मागच्या बाजूला दुखतं तो सीव्हर. ही दोन्ही दुखणी वाढ पुरी झाली की बहुतेकदा शमतात. पण मधल्या वर्ष-दीड वर्षात काय होतं ते बघा: प्रशिक्षकाला नाटक वाटतं, घरचे सहा आठवडे पूर्ण विश्रांती देतात, मूल परत येतं आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांबरोबर पूर्ण सराव करतं. आठ दिवसांत पुन्हा दुखतं. असं तिसऱ्यांदा झालं की घरी ‘बास आता’ म्हणतात.

पूर्ण विश्रांतीही नको आणि पूर्ण सरावही नको. दुखणं शून्य ते दहा मोजायला शिकवा. तीनपर्यंत खेळू द्या, अट एकच, दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधीच्या पातळीवर आलेलं असावं. त्याच्या वर गेलं तर उड्या, सूर आणि उतारावरचं धावणं निम्म्यावर आणा. फेकी, नेमबाजी, हातांचा व्यायाम चालू ठेवा. भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं, तीस-चाळीस सेकंद, चार-पाच वेळा, एक दिवसाआड. बसून टोचत असेल तर कमी वाका.

प्रत्येक शाळेने करावी अशी एक गोष्ट: दर तीन महिन्यांनी भिंतीवर खूण करून उंची लिहा. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरहून जास्त वाढ दिसली की त्या मुलाच्या उड्या कमी करा, दुखायची वाट बघू नका. पट्टी आणि पेन्सिल, एवढाच खर्च.

वेगवान गोलंदाजांचं वेगळं. कंबरेत एका बाजूला, गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला दुखतं आणि त्या पायावर उभं राहून मागे वाकलं की वाढतं, तेव्हा मणक्याच्या कमानीवर ताणाचा तडा धरून चालायचं. गोलंदाजी त्या दिवशी बंद, एमआरआय करायचा. यात ‘थोडं कमी टाक’ चालत नाही. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाच्या मार्गदर्शनात १४ आणि १५ वर्षांखालच्यांना एका स्पेलमध्ये, म्हणजे सलग, ६ आणि दिवसात १२ षटकांची मर्यादा घातलेली होती. आपल्याकडे तोच मुलगा सकाळी शाळेसाठी, दुपारी क्लबसाठी टाकतो आणि दोन्हीकडची बेरीज कोणाच्याच वहीत नसते. ती वही पालकांनी ठेवावी, नेटमधले चेंडूही धरून.

कबड्डी मार्गदर्शक

वर उंचीचं आलं, मी वजनाचं लिहितो. कुमार गटांत वयाबरोबर वजनाचीही अट असते. चांगला चढाईपटू नववीत वाढतो आणि मर्यादेच्या दीड-दोन किलो वर जातो. मग आदल्या दिवशी जेवण बंद, पाणी बंद, सकाळी स्वेटर घालून धावणं. वजन भरतं, पण सामन्यात बोनस रेषा ओलांडायला पाय उचलत नाही, पिंढरीत गोळे येतात, पकडीत खांदा जातो. चांगला खेळाडू वाईट खेळतो आणि त्याला वाटतं आपला खेळ संपला.

वजन दर सोमवारी सकाळी, उपाशीपोटी, एकाच काट्यावर घ्या. स्पर्धेच्या सहा आठवडे आधी मूल मर्यादेच्या वर असेल तर त्या गटाचा नाद सोडा, वरच्या गटात कमी चढायांसाठी खेळवा. वाढत्या मुलाचं वजन उतरवणं हा आपला अधिकार नाही.

दुसरं, शालेय स्पर्धांत वयाची गणना १ जानेवारीला धरून होते. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेला आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मलेला एकाच गटात येतात, अंतर जवळजवळ वर्षाचं. निवड चाचणीत पहिला धष्टपुष्ट दिसतो. दुसरा कौशल्यात सरस असला तरी बाहेर राहतो आणि दोन वर्षांनी त्याचं शरीर भरतं तेव्हा तो मैदानावर नसतो. निवडीच्या यादीत नावापुढे जन्ममहिना लिहायची सवय लावा, निर्णय आपोआप बदलतात.

खो-खो प्रशिक्षक, मुलींचा संघ

मुली मुलांच्या आधी जातात, आणि त्यांची कारणं फार साधी आहेत. म्हणूनच चीड येते.

मैदानाजवळ कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह नाही. कपडे बदलायला खोली नाही. हिवाळ्यात सहाला अंधार पडतो आणि शेवटची एसटी चुकते. नोव्हेंबर ते जानेवारी सराव पाऊण तास आधी सुरू करून साडेपाचला संपवा, गावनिहाय मुलींचे गट करून एकत्र पाठवा. हे केलं तर पालकांना समजावायला जावं लागत नाही.

गणवेशाची खालची बाजू गडद रंगाची घ्या. पांढऱ्या चड्डीमुळे मुली महिन्यातले चार दिवस येत नाहीत, मग त्या चार दिवसांबद्दल बोलणी खातात आणि थांबतात. प्रथमोपचाराच्या पेटीत पॅड आणि एक जादा चड्डी ठेवा, आणि पेटी मुलींपैकीच एकीच्या ताब्यात द्या, मागावं लागू नये. योग्य मापाची स्पोर्ट्‌स ब्रा ही चैनीची वस्तू नाही. खुंटाला वळसा घालून पळताना तिची गरज बुटांइतकीच असते, पण आईला हे कोणी सांगत नाही.

आणि रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षय असलेल्या आढळल्या. अशी मुलगी पहिल्या दोन मिनिटांत छान पळते आणि तिसऱ्या मिनिटाला बाद होते. तिला आळशी म्हणतात. हिमोग्लोबिन १२च्या खाली असेल तर उपचार, आणि १२च्या वर असूनही दम लागत असेल तर डॉक्टरांना फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला सांगा. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोह-फॉलिकची निळी गोळी जेवणानंतर घ्यावी, चहा तासभर लांब ठेवावा. चहाबरोबर घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही. पोट बिघडलं म्हणून मुली गोळी फेकून देतात, तेव्हा रिकाम्या पोटी घेतली होती का, ते आधी विचारा.

पंधरा पूर्ण होऊनही पाळी सुरू झाली नाही, किंवा सुरू असलेली तीन महिने थांबली, तर ‘खेळणाऱ्या मुलींचं असंच असतं’ म्हणू नका. बहुतेकदा खाणं खेळाला पुरत नसतं. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या.

आहारतज्ज्ञ

वरच्याला जोडून एवढंच. डबा साडेअकराला, शाळा, क्लास आणि सराव पाचला. मधल्या साडेपाच तासांत पोटात काही नाही. साडेतीनच्या सुमारास दोन केळी, किंवा गूळ-शेंगदाण्याचे दोन लाडू, किंवा चटणी लावलेल्या दोन पोळ्यांची गुंडाळी, आणि पाणी. सरावानंतर तासाभरात वरण-भात, उसळ, अंडी, जे घरी शिजतं ते. ‘सरावाने थकवा येतो, अभ्यास होत नाही’ ही तक्रार कित्येक घरांत या एका खाण्याने कमी होते. पावडरच्या डब्यांची गरज नाही.

धावण्याचे प्रशिक्षक

पालक विचारतात, दहावीचं वर्ष बंद ठेवलं तर काय बिघडतं? बिघडतं ते असं: दहा महिने थांबलेलं मूल एप्रिलमध्ये परत येतं, स्वतःची जुनी वेळ गाठायला जातं आणि महिन्याभरात मांडीमागचा स्नायू धरतं. म्हणून पूर्ण बंद करू नका, सराव आटोपशीर करा. आठवड्यातून दोन दिवस, पन्नास मिनिटं. दहा मिनिटं अंग गरम करणं, मग तीस मीटरचे सहा वेगवान तुकडे, प्रत्येकामागे दोन-तीन मिनिटं पूर्ण विश्रांती, मग उठाबशा, पुलअप, पोट-पाठीचे व्यायाम मिळून वीस मिनिटं. शरीर टिकून राहतं ते तीव्रतेमुळे. तुकडे कमी करा, वेग कमी करू नका. जानेवारीपासून परीक्षेपर्यंत एक दिवस चालेल. परीक्षेनंतर पहिले दोन आठवडे निम्मा सराव, मग दर आठवड्याला थोडा वाढवत न्या.

उलट टोकही आहे. बारा महिने एकच खेळ, रविवारीही सामना. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६मध्ये दिलेला सल्ला आपल्यालाही लागू आहे: आठवड्यात एक-दोन दिवस सुट्टी, आणि वर्षात मुख्य खेळापासून एकूण तीन महिने लांब, तेही महिन्या-महिन्याच्या तुकड्यांत. आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत, हा हिशेब पालकांना पटकन कळतो.

शालेय प्रशिक्षक, न्यू जर्सी

इथल्या मराठी घरांतली मुलं अकरावी-बारावीच्या उंबरठ्यावर थांबतात, कारण इथली रचनाच तशी आहे. शाळेचा मुख्य संघ म्हणजे व्हर्सिटी, दुसरा ज्युनिअर व्हर्सिटी. बऱ्याच शाळा बारावीच्या मुलाला दुसऱ्या संघात ठेवत नाहीत. मुख्य संघात जागा मिळाली नाही की वर्ष रिकामं. त्यात नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन या इथल्या महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेच्या पहिल्या श्रेणीतल्या महाविद्यालयांचे प्रशिक्षक बऱ्याच खेळांत दहावी संपल्यावर १५ जूनपासून मुलांशी थेट संपर्क साधू शकतात. त्या उन्हाळ्यात फोन आला नाही की मुलाला वाटतं दार बंद झालं. तिसऱ्या श्रेणीत खेळाची शिष्यवृत्ती नसते, पण खेळायला मिळतं, हे आपल्या पालकांना फार उशिरा कळतं.

नववीतच प्रशिक्षकाला विचारा: गेल्या तीन वर्षांत बारावीची किती मुलं संघात होती? ज्यांत निवड चाचणीत कोणाला वगळत नाहीत, असे क्रॉस कंट्री आणि ट्रॅकसारखे खेळ बहुतेक शाळांत असतात. दुसरा खेळ म्हणून त्यातला एक आधीपासून चालू ठेवा.

ज्युनिअर कॉलेजमधले क्रीडा संचालक

दहावी पार करून आलेली मुलं अकरावीत गळतात, ती प्रवेशाच्या दिवशीच. खाजगी क्लासशी जोडलेल्या, हजेरी कागदावर असलेल्या कॉलेजात प्रवेश घेतला की १९ वर्षांखालच्या शालेय स्पर्धेचा रस्ता अनेकदा बंद होतो, कारण प्रवेशिका कॉलेजने भरायची असते. मूल क्लबकडून खेळत राहतं, पण शालेय स्पर्धेचं प्रमाणपत्र हातात येत नाही. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि तिथे क्रीडा विभागाकडून पडताळणी झालेलं प्रमाणपत्रच लागतं.

अर्जात कॉलेजचा पसंतीक्रम भरण्याआधी तिथे जाऊन तीन गोष्टी बघून या. क्रीडाशिक्षक पूर्णवेळ आहेत का. गेल्या वर्षी तुमच्या खेळाची प्रवेशिका गेली होती का, तिची प्रत दाखवायला सांगा. आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी सामना आला तर हजेरीचं पत्र कोण देतं, त्या माणसाला भेटा. स्पर्धा ऑगस्टपासून सुरू होतात आणि प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की प्रवेशिकेची मुदत निघून जाते, म्हणून पहिल्या फेरीत प्रवेश मिळाला तर त्याच आठवड्यात आधार कार्ड, जन्मदाखला, दहावीची गुणपत्रिका आणि चार फोटो क्रीडा विभागात देऊन या.