नाण्यावरच्या 'ए प्लुरिबुस उनुम'ला मराठीत काय म्हणावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत आमच्या मंडळाच्या मराठी शाळेत मी दर रविवारी शिकवते. परवा नाण्यांचा धडा होता. एका मुलीने २५ सेंटचं नाणं पुढे केलं आणि त्यावरचं लॅटिन बोधवाक्य दाखवलं, "ताई, ह्या 'ए प्लुरिबुस उनुम'चं मराठी काय?" मी पटकन 'विविधतेत एकता' सांगून टाकलं. घरी आल्यापासून चैन नाही.

सगळी अडचण विभक्तीची आहे. 'विविधतेत' ही सप्तमी. लॅटिनमधला 'ए' मात्र आपल्या पंचमीचं काम करतो: अनेकांतून एक. १७७६ साली फ्रँकलिन, अ‍ॅडम्स आणि जेफरसन यांच्या समितीने राष्ट्रमुद्रेसाठी हे शब्द सुचवले, २० जून १७८२ला मुद्रा मंजूर झाली. तेरा वसाहतींमधून एक देश, हा तेव्हाचा सरळ अर्थ. (अक्षरंही तेराच भरतात, मोजून पाहा.)

याच्याशी जुळणारी ओळ 'मोरेतुम' नावाच्या जुन्या लॅटिन कवितेत आहे. ही कविता प्राचीन रोमन कवी व्हर्जिलच्या नावावर सांगितली जाते. ती वाचून मला फार आनंद झाला, कारण त्यात एक गरीब शेतकरी पहाटे उठून चक्क खलात लसूण, मीठ, चीज, कोथिंबीर असं कुटत बसलाय, आपण ठेचा कुटतो तसं! कुटता कुटता प्रत्येक जिन्नस आपला जोर हरवतो आणि अनेक रंगांचा एक रंग होतो. तोही पूर्ण हिरवा नाही, कारण चीजचे पांढरे कण दाद देत नाहीत. आणि पांढराही नाही, कारण पाला भरपूर. तिथे शब्द 'उनुस' आहे, कारण लॅटिनमध्ये रंग पुल्लिंगी. मुद्रेवर नपुंसकलिंगी 'उनुम'. संस्कृतातल्या 'एकः' आणि 'एकम्' सारखंच.

आता माझा प्रश्न. 'अनेकांतून एक' शब्दशः बरोबर आहे, पण मराठी कानाला ते 'पुष्कळांमधून निवडलेला एक' असं वाटतं, म्हणजे अर्थ उलटाच होतो! 'अनेक मिळून एक' म्हटलं तर अर्थ पोचतो, पण पंचमी जाते. 'अनेकांचे एक' मला अर्धवट वाटतं.

आठ-दहा वर्षांच्या मुलांना कळेल आणि मूळ शब्दांशी प्रामाणिक राहील असं काही सुचतंय का? संस्कृत किंवा लॅटिन शिकलेल्यांनी जरूर लिहा. येत्या रविवारी मला त्या मुलीला आधीचं उत्तर दुरुस्त करून सांगायचं आहे.