व्हिडिओ बघून पॅटर्न? आधी टेप धरा!

हरभट रोडचा मास्तर: काल इथं एकानं टाकलंय, "सांगलीत पैसे भरून कटिंगचा क्लास लावणारे खुळे. डिजिटल पॅटर्न, म्हणजे कॉम्प्युटरवर कापायचा साचा काढणं, व्हिडिओवर फुकट शिका." २२ वर्षं ब्लाऊज कापतोय, म्हणून लिहितो. स्क्रीनवर माउस फिरतो, रेघ वळते, मुंढा (बाही जोडायची गोलाई) झकास. पण गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरता असला तर? परवा एक पोरगी असाच प्रिन्सेस कट ब्लाऊजचा पॅटर्न छापून घेऊन आली. ए-फोर पानं सुबक चिकटवलेली. छपाई मापात आली का हे बघायला कोपऱ्यात १० सेंटीमीटरचा चौकोन असतो, तो मोजला, भरला ९.७! प्रिंटला 'फिट टू पेज' राहिलेलं, म्हणून सगळं आक्रसलं. ३६ च्या छातीत इंचभर गायब, आणि पैठणीचा ब्लाऊजपीस कापून मोकळी.

कुपवाडची शिवणवाली: चौकोन मोजा हे बहुतेक व्हिडिओत सांगतात मास्तर, पोरीनं पुढं ढकललं असेल. मी मिरजेत सहा महिने क्लास केला. मुंढ्याची गोलाई आली की बाई पाठ करून उभ्या. "हाताला सवय झाली की येतं." छातीचा सहावा भाग घ्यायचा की चौथ्यातून वजा करायचं, शेवटपर्यंत कळू दिलं नाही. शेवटी सीमली टूडी या पॅटर्न काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः सूत्र घातलं. माप बदललं की अख्खा पॅटर्न हलतो. व्हिडिओ ११ वेळा मागं नेला, कुणी तोंड वाकडं केलं नाही.

हरभट रोडचा मास्तर: विद्या लपवतात म्हणे! उस्तादानं मला दोन वर्षं काजं-बटणंच करायला लावली. तक्रार केली नाही.

विटेकर: त्याला शिकवणं म्हणत नाहीत, फुकटची मजुरी म्हणतात.

हरभट रोडचा मास्तर: तोंड सांभाळून. त्या माणसानं मला जेवू घातलंय.

विटेकर: माझ्या आईलाही एकानं असंच राबवलं. तीन वर्षं हातशिलाई, कात्रीला हात लावू दिला नाही. आज ती शेजारच्या पोरींना दारातच खाकी कागद अंथरून शिकवते.

मार्करवाला: उस्ताद-पुराण आवरा. गारमेंटमध्ये एस ते डबल एक्सएल ग्रेडिंग, म्हणजे एकाच पॅटर्नचे सगळे साइज काढणं, आता हातानं कोण करत बसतंय? फक्त नवी पोरं कापड आटणार हे धरतच नाहीत. स्क्रीनवर कापड धुता येत नाही ना!

कुपवाडची शिवणवाली: हे मात्र मान्य. पहिला कॉटनचा कुर्ता धुतल्यावर भाचीला बसला.

हरभट रोडचा मास्तर: बघा! बरं ताई, ती सीमली फुकट आहे ना? लिंक टाका. शिकायला नाही, चुका काढायला.