मदत हवी आहे : मॅकवरील अ‍ॅप्स एकदम बंद करणारे आणि मेमरी दाखवणारे छोटे सॉफ्टवेअर

नमस्कार. माझ्या मॅकमध्ये ८ जीबी मेमरी असून दिवाळी अंकाची मांडणी करताना ब्राउझर, पीडीएफ, छायाचित्रांचे सॉफ्टवेअर अशी आठ-दहा अ‍ॅप्स उघडी राहतात. विंडोचे लाल बटण दाबले तरी त्यांतील बहुतेक पूर्णपणे बंद होत नाहीत, आणि प्रत्येकात जाऊन कमांड-क्यू दाबण्यात कामाची लय मोडते.

अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर हे मेमरीचा वापर दाखवणारे मॅकमधलेच साधन मी पाहतो. रिकामी मेमरी कमी दिसणे हा दोष नव्हे, कारण उरलेली जागा फायलींच्या कॅशसाठी (वापरलेल्या फायली पुन्हा पटकन उघडाव्यात म्हणून हाताशी ठेवण्यासाठी) वापरली जाते. मात्र मेमरी प्रेशरचा, म्हणजे मेमरीवरील ताणाचा, हिरवा आलेख पिवळा होऊन स्वॅपचा (मेमरी अपुरी पडल्याने डिस्कवर हलवलेल्या डेटाचा) आकडा वाढू लागला, की साधे पान सरकवतानाही थांबावे लागते. म्हणून हा आलेख मेन्यू बारवर सतत दाखवणारे आणि निवडलेली अ‍ॅप्स एका क्लिकवर बंद करणारे सॉफ्टवेअर मला हवे आहे. सेव्ह न केलेल्या कामाबद्दल त्याने आधी विचारलेच पाहिजे; फोर्स क्विटप्रमाणे सक्तीने बंद करणारे नको, कारण त्यात लेखकांच्या मजकुरातील दुरुस्त्या जाऊ शकतात. 'मेमरी मोकळी करा' अशा बटणाची मला गरज वाटत नाही.

असे सॉफ्टवेअर कोणी रोज वापरत असल्यास त्याचे नाव, आणि ते स्वतः किती मेमरी घेते, हे कृपया कळवावे.