अनुभव धागा: टीमने उगवता पोरगा देऊन टाकला तेव्हा

सॅन डिएगोकर

३१ जुलै २०२५, बेसबॉलच्या ट्रेड डेडलाइनचा दिवस, म्हणजे टीमनी आपसात खेळाडूंची अदलाबदल करायची त्या मोसमातली शेवटची तारीख. आमच्या सॅन डिएगो पाद्रेजनी लिओ डी व्ह्रीस देऊन टाकला. डॉमिनिकन रिपब्लिकचा अठरा वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर), दोन्ही हातांनी बॅटिंग करणारा, जानेवारी २०२४ मध्ये ४२ लाख डॉलर मोजून घेतलेला. त्याच्यासोबत आणखी तीन तरुण पिचर (बॉल टाकणारे) अ‍ॅथलेटिक्सकडे गेले आणि आमच्याकडे आले मेसन मिलर आणि जे. पी. सीअर्स.

मिलर काय चीज आहे ते मला ठाऊक आहे. ऑक्टोबरात शिकागो कब्जविरुद्ध त्याने ताशी १०४ मैलांच्या वर बॉल टाकला तेव्हा मीही उभा राहून ओरडत होतो. तो काही दोन महिन्यांचा पाहुणा नाही, २०२९ पर्यंत टीमच्या ताब्यात आहे. तरी ती मालिका आम्ही हरलोच. मिलरसारखा क्लोजर शेवटचे तीन आउट काढतो, शॉर्टस्टॉप रोज नऊ इनिंग उभा असतो. हा हिशेब मला आजही पटलेला नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही लेक एल्सिनोरला सिंगल-ए चे सामने बघायला जायचो. मुख्य मेजर लीगच्या खाली तरुण पोरांच्या मायनर लीग असतात, त्यातली ही खालची पायरी; वर हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. आय-१५ ने सव्वा-दीड तास, तिकीट स्वस्त, बसायला जागा अगदी मैदानालगत. डी व्ह्रीस तेव्हा सतरा वर्षांचा आणि समोरचे पिचर बरेचसे कॉलेज करून आलेले, दाढीमिशा फुटलेले. बॉल प्लेटच्या बाहेर जातोय हे कळलं की तो बॅट खांद्यावरून हलवायचाही नाही. नुसती मान वळवून बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये शिरेपर्यंत बघायचा. त्या वयात मारायचा मोह आवरणं फार थोड्यांना जमतं. हा पोरगा पेटको पार्कला, पाद्रेजच्या मैदानावर, कधी येतो याची मी वाट बघत होतो.

ज्यांनी असं काही अनुभवलंय त्यांनी जरूर लिहा. ट्रेड पुढे बरोबर ठरला की चूक, हे लिहाच. पण त्या दिवशी काय वाटलं आणि आज काय वाटतं, ते मुख्य.

हार्टफर्डचे काका

मी १९९० मध्ये हार्टफर्डला विमा कंपनीत प्रोग्रामर होतो. शेजारच्या न्यू ब्रिटनमध्ये बीहाइव्ह फील्डवर बॉस्टन रेड सॉक्सची डबल-ए टीम खेळायची. बेसबॉल मी तिथेच शिकलो. ऑफिसमधला एक सहकारी शेजारी बसून स्कोअरकार्ड कसं भरायचं ते दाखवायचा. त्या वर्षी तिसऱ्या बेसवर जेफ बॅगवेल होता. जन्म बॉस्टनचा, वाढला कनेटिकटमध्ये, कॉलेजही हार्टफर्डचंच. बॅटिंगची सरासरी .३३३, पण अख्ख्या मोसमात होमरन (बॉल थेट कुंपणापार) फक्त चार. आमच्या स्कोअरकार्डावर त्याच्या नावापुढे डबलच्या (एका फटक्यात दोन बेस) खुणाच खुणा असायच्या.

ऑगस्टअखेर ह्यूस्टनचा रिलीफ पिचर (सामन्याच्या मधे येऊन बॉल टाकणारा) लॅरी अँडरसन हवा म्हणून रेड सॉक्सनी बॅगवेल देऊन टाकला. अँडरसन तेव्हा सदतीस वर्षांचा. बॉस्टनसाठी त्याने २२ इनिंग टाकल्या, त्याही चांगल्या टाकल्या. टीमने डिव्हिजन, म्हणजे आपला गट, जिंकला आणि पुढे ओकलंडने चार सामन्यांत चारीमुंड्या चीत केलं. हिवाळ्यात अँडरसन दुसरीकडे गेला. बॅगवेल १९९१ मध्ये सर्वोत्तम नवोदित, १९९४ मध्ये एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू), एकूण ४४९ होमरन, २०१७ मध्ये हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या यादीत. सगळी कारकीर्द ह्यूस्टनला.

टीमची बाजूही मला माहीत आहे. तिसऱ्या बेसवर वेड बॉग्ज होता, त्याच्यामागे ट्रिपल-ए मध्ये स्कॉट कूपर होता, म्हणजे वाट बंदच. मग बॅगवेलला पहिल्या बेसवर उभं करून बघायचं होतं! ह्यूस्टनने लगेच पुढच्या वसंतात तेच केलं. घरचा पोरगा होता हो तो. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या रेड सॉक्सच. पस्तीस वर्षं झाली, मी अजून माफ केलेलं नाही.

पुण्याहून

इकडे डेडलाइन संपते तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात, आणि मी जागा असतो. एक गोष्ट मला कायम खटकते. आयपीएलमध्ये ट्रेड करायचा तर खेळाडूची संमती लागते. बेसबॉलमध्ये पोराला कोणी विचारतच नाही?

सॅन डिएगोकर

नाही विचारत. मेजर लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली सलग शेवटची पाच त्याच टीममध्ये झाली तर खेळाडूला नकाराधिकार मिळतो. बडे खेळाडू करारातच तशी अट घालून घेतात. मायनर लीगच्या पोराकडे यातलं काही नसतं. फोन येतो, बॅग भरायची.

एडिसन, न्यू जर्सी

न्यू यॉर्क मेट्सचे चाहते इथे रात्रभर लिहू शकतील.

डिसेंबर २०१८. जॅरेड केलेनिकला आम्ही जूनमध्ये ड्राफ्टच्या (नव्या पोरांच्या निवडीच्या) पहिल्या फेरीत सहाव्या नंबरवर निवडलं होतं. विस्कॉन्सिनचा एकोणीस वर्षांचा पोरगा. सहा महिन्यांत सिअ‍ॅटलला रवाना. बदल्यात क्लोजर एडविन डियाझ आणि छत्तिशीचा रॉबिन्सन कॅनो, त्याच्या भल्यामोठ्या करारासकट. मी संतापलो होतो. २०१९ मध्ये डियाझ नवव्या इनिंगमध्ये मार खायचा तेव्हा घरातलं कोणी मला जेवायलासुद्धा हाक मारायचं नाही. रोज सकाळी केलेनिकचे आकडे बघायचे आणि पोटात खड्डा पडायचा.

पुढे काय झालं बघा. केलेनिक २०२१ मध्ये वर आला आणि .१८१ च्या बॅटिंग सरासरीवर अडकला. पुढेही जम बसेना, सिअ‍ॅटलने त्याला अटलांटाला दिलं. इकडे डियाझने २०२२ मध्ये ६२ इनिंगमध्ये ११८ जण स्ट्राइकआउट केले. चाहता म्हणून मी खूश व्हायला हवं होतं. पण त्या पोराचे आकडे पडत गेले तसं मला वाईटच वाटत गेलं. एकदा आपला म्हटलेला पोरगा दुसऱ्याच्या जर्सीत हरावा, असं मनातून कधीच वाटलं नाही.

आणि पीट क्रो-आर्मस्ट्राँग! जुलै २०२१ मध्ये खांद्याचं ऑपरेशन होऊन घरी बसलेला असताना हावियर बाएझसाठी कब्जना दिला. त्या वर्षी आम्ही प्लेऑफलाही गेलो नाही. २०२५ मध्ये त्याने तिकडे तीसहून जास्त होमरन मारले, तीसहून जास्त बेस चोरले. सेंटरफिल्डमध्ये तो ज्या बॉलमागे सुटतो ते बघितलं की मी टीव्ही बंद करतो.

पण सगळ्यात आत गेलेला दिवस २९ जुलै २०१५. मी सिटी फील्डला, मेट्सच्या मैदानावर, होतो. विल्मर फ्लोरेस तेव्हा तेवीस वर्षांचा, सोळाव्या वर्षी व्हेनेझुएलातून मेट्सकडे आलेला, दुसरं घरच माहीत नसलेला. सामना चालू असताना स्टँडमध्ये एकेकाच्या फोनवर बातमी आली: फ्लोरेस आणि झॅक व्हीलर मिलवॉकीला, कार्लोस गोमेझ इकडे. तो बॅटिंगला आला तेव्हा आम्ही सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागलो. आधी त्याला कळेचना की कशासाठी. मग कळलं, आणि पुढच्या इनिंगला शॉर्टस्टॉपवर उभा राहून तो बाहीने डोळे पुसत होता. एका पिचमध्ये पुसायचा, पुढच्या पिचला गुडघ्यावर हात ठेवून तयार व्हायचा. मालकाला, मॅनेजरला, कोणालाच त्याला सांगायचं सुचलं नव्हतं, आणि आम्हा हजारो लोकांना ठाऊक होतं. तो ट्रेड त्याच रात्री फिस्कटला. दोन दिवसांनी नॅशनल्सविरुद्ध बाराव्या इनिंगला होमरन मारून त्याने सामना जिंकून दिला आणि होम प्लेटकडे येताना छातीवरचं ‘मेट्स’ मुठीत धरून ओढलं. त्याच दिवशी मेट्सनी पिचर मायकल फुल्मर देऊन डेट्रॉइटकडून सेस्पेडेस आणला आणि आम्ही वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अंतिम मालिकेपर्यंत, गेलो. फुल्मर पुढच्या वर्षी डेट्रॉइटला सर्वोत्तम नवोदित ठरला. तो ट्रेड मला मान्य आहे. पण २९ तारखेच्या त्या बाहीसाठी मला आजही कोणाला तरी जाब विचारावासा वाटतो.

इंडियानावाली

मी चाहती म्हणून नाही, घरमालकीण म्हणून लिहितेय. मायनर लीगच्या खेळाडूंना राहायची सोय देणं २०२२ पासून टीमवर बंधनकारक झालं. त्याआधी ही मुलं गावातल्या कुटुंबांकडे राहायची. आमच्याकडेही एक पिचर राहायचा, विशीचा, स्पॅनिश बोलणारा. इंग्रजी त्याचं तोडकं, आमचं मराठी वळणाचं, पण स्वयंपाकघरात अडलं नाही. आमटीभातावर हॉट सॉस ओतून खायचा. माझ्या सासूबाई तेव्हा इकडे होत्या; तो पिच करणार असेल त्या दिवशी त्याच्या हातावर साखर ठेवायच्या, आणि तोही न विसरता हात पुढे करायचा.

एका रात्री सामन्यावरून आला तो सरळ जिन्यावरच बसला. ट्रेड झाला होता. सकाळचं विमान. ड्रायरमध्ये त्याचे कपडे फिरत होते, ते थांबवून आम्ही घड्या घातल्या. क्लबची जर्सी परत द्यायची म्हणून वेगळी काढली. त्याने आईला फोन लावला, पण ज्या गावी चाललाय त्याचं नाव त्याला नीट सांगता येईना. माझ्या मुलाने ते कागदावर लिहून दिलं. मोबदल्यात कोण आलं हे मी कधी शोधलंही नाही. तो मेजर लीगला पोहोचला नाही, दोन-तीन वर्षांत खेळ सोडला. बहुतेकांचं असंच होतं. इथे ज्यांची नावं घेताय ते हॉल ऑफ फेमवाले, म्हणून आठवतात. ट्रेडमध्ये ‘आणि आणखी एक मायनर लीग पिचर’ असं छापून येतं ना, तो आणखी एक आमच्याकडे राहायचा.

डेट्रॉइटकर

वरच्या ताईंचं वाचून लिहिणं जड जातंय, पण दुसरी बाजूही यायला हवी.

ऑगस्ट १९८७. आमच्या डेट्रॉइट टायगर्सनी लान्सिंगमध्ये वाढलेला वीस वर्षांचा पिचर जॉन स्मोल्ट्झ अटलांटाला दिला आणि पिचर डॉइल अलेक्झांडर आणला. स्मोल्ट्झ तेव्हा डबल-ए मध्ये मार खात होता. अलेक्झांडरने आमच्यासाठी नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेले रन) १.५३. ४ ऑक्टोबरला टायगर स्टेडियमवर फ्रँक टनानाने टोरोंटोला १-० ने हरवलं आणि डिव्हिजन आमची झाली. मी तेव्हा मोटारीच्या कारखान्यात नवा लागलेला इंजिनिअर. त्या संध्याकाळी अनोळखी माणसांनी मला मिठ्या मारल्या. या देशात हे पहिल्यांदाच घडत होतं.

पुढे मिनेसोटाने आम्हाला हरवलं. स्मोल्ट्झ २१३ सामने जिंकून, १५४ सेव्ह करून (शेवटी येऊन टीमची आघाडी टिकवून) हॉल ऑफ फेमला गेला. सगळं मान्य. तरी मला विचाराल तर मी तो ट्रेड पुन्हा करीन. नऊ शून्य नसता तर तो ऑक्टोबर नव्हता.

शिकागो, साउथ साइड

आमचं दुःख हप्त्यांनी आलं. जून २०१६ मध्ये व्हाइट सॉक्सनी जेम्स शील्ड्स या पिचरसाठी फर्नांडो टॅटिस ज्युनिअर सॅन डिएगोला दिला. सतरा वर्षांचा, व्यावसायिक बेसबॉलचा एकही सामना न खेळलेला. बापाचं नाव सगळ्यांना माहीत, १९९९ मध्ये एकाच इनिंगमध्ये दोन ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर आपली माणसं असताना होमरन) मारलेला. पोराचं नाव कोणालाच नाही. त्या दिवशी रडायचं कोणासाठी? २०२१ मध्ये सॅन डिएगोने त्याला १४ वर्षांसाठी ३४ कोटी डॉलर दिले, त्या मोसमात त्याने ४२ होमरन मारले, तेव्हा आम्ही रडलो.

शिकागो, नॉर्थ साइड

एडिसनकर, क्रो-आर्मस्ट्राँगसाठी मनापासून आभार.

माझा अनुभव २०१६ चा, आमच्या कब्जचा. ग्लेबर टोरेस, एकोणीस वर्षांचा शॉर्टस्टॉप, न्यू यॉर्क यांकीजना दिला आणि क्लोजर अरोल्डिस चॅपमन आणला. त्याच वर्षी कौटुंबिक हिंसाचाराच्या नियमाखाली लीगने चॅपमनला ३० सामन्यांसाठी निलंबित केलं होतं. मला तो माझ्या टीममध्ये नको होता. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची. हा माणूस शिक्षा भोगून आलाय आणि आपण त्याच्यासाठी टाळ्या वाजवतोय, हे तिला काय सांगायचं? मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

२ नोव्हेंबरला क्लीव्हलंडमध्ये वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना. आठव्या इनिंगला चॅपमनला राजय डेव्हिसने होमरन मारला, बरोबरी झाली, पाऊस आला, दहाव्या इनिंगला आम्ही ८-७ ने जिंकलो. १९०८ नंतर पहिल्यांदा. मी आनंदाने रडले, ते खोटं नव्हतं. चॅपमन डिसेंबरात यांकीजकडे परत गेला आणि टोरेस त्यांच्याकडून दोनदा ऑल-स्टार झाला. लोक म्हणतात, जिंकलो ना, मग झालं. माझ्यासाठी ते झालेलं नाही. दोन्ही गोष्टी मी बाळगून आहे.

फ्रीमाँट

डी व्ह्रीस आमच्याकडे आला. पण ‘आमच्याकडे’ म्हणजे कुठे? सप्टेंबर २०२४ मध्ये अ‍ॅथलेटिक्सनी ओकलंड सोडलं. सध्या वेस्ट सॅक्रामेंटोच्या मायनर लीग मैदानावर खेळतात, पुढे लास व्हेगास. तुमचा पोरगा गेला, आमची टीमच गेली. तो भरात येईल तेव्हा मी कुठे बसून बघणार?

मिसिसॉगा

आमच्या घरात हा विषय दरवर्षी जुलैत पेटतो, आणि त्याचं नाव अर्जुन निम्मला. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये आमच्या टोरोंटो ब्लू जेजनी त्याला सतराव्या वर्षी विसाव्या नंबरवर घेतलं. आईवडील भारतातून अमेरिकेत आलेले, तो फ्लोरिडात वाढला. माझा मुलगा इथल्या हाउस लीगमध्ये शॉर्टस्टॉप खेळतो. टीमच्या वेबसाइटवर ‘अर्जुन’ वाचून तो ज्या तऱ्हेने माझ्याकडे वळला, ते मी विसरणार नाही. त्याच्या वर्गातही एक अर्जुन आहे.

३१ जुलै २०२५ ला संध्याकाळी सहापर्यंत आम्ही दोघं फोनला चिकटून होतो. गेला तो निम्मला नव्हे, पिचर खाल स्टीफन. क्लीव्हलंडकडून शेन बीबर आला. मुलाने सुटकेचा श्वास सोडला, आणि मग स्वतःच म्हणाला, “बाबा, स्टीफनच्या घरी पण कोणीतरी असंच बघत असेल ना?”

बीबरने वर्ल्ड सिरीजचा चौथा सामना लॉस एंजेलिसमध्ये जिंकून दिला. सातव्या सामन्यात अकराव्या इनिंगला विल स्मिथने ज्याला होमरन मारला तोही बीबरच. आम्ही ५-४ ने हरलो. तरीही स्टीफनच्या बदल्यात बीबर हा ट्रेड मला योग्य वाटतो. त्याच्याशिवाय सातव्या सामन्यापर्यंत पोहोचलोच नसतो. निम्मलाच्या बदल्यात मात्र कोणीही आणा, मला नको. त्याचे आकडे काय म्हणतात ते मला माहीत आहे, हाय-ए मध्ये तो झगडलाय. अजून वीस-एकवीसचा आहे, वेळ द्या. पुढच्या जुलैत त्याचं नाव पुन्हा अफवांमध्ये आलं तर मी इथे येऊन भांडणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो.