पातालपाणीला वाफेचं इंजिन हवं, पण त्यात पाणी कुठलं भरणार?

महूकर
महूजवळच्या घाटातली पातालपाणी–कालाकुंड हेरिटेज गाडी डिसेंबर 2018 पासून धावते आहे, डिझेलवर. पावसाळा आला की आपल्या इंदुरी मंडळींत विषय निघतोच, "वाफेचं इंजिन कधी आणणार?" मलाही ते हवं आहे, मनापासून हवं आहे. पण इंजिन शोधायच्या आधी पाण्याचं ठरवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

वडील महूच्या लोको शेडमध्ये वॉशआऊटच्या, म्हणजे बॉयलर आतून धुण्याच्या, कामावर होते. त्यांच्या हत्यारांच्या पेटीत बॉयलरमधून निघालेला खपलीचा एक तुकडा असायचा, बोटाच्या पेराएवढा. एका बाजूला नळीची गोलाई जशीच्या तशी उमटलेली, आणि कडेला बघितलं तर पांढरे-करडे पापुद्रे एकावर एक, कांद्यासारखे. तो पाण्यातून येतो कसा, याचा साधा हिशेब मांडतो. बोअरच्या पाण्याचा जडपणा लिटरला 300 मिलिग्रॅम धरा. दिवसभरात 12,000 लिटर पाण्याची वाफ झाली, तर वाफ निघून जाते आणि साडेतीन किलोच्या वर चुना बॉयलरमध्येच राहतो. तो नळ्यांवर आणि फायरबॉक्सच्या, म्हणजे आगीच्या पेटीच्या, माथ्यावर बसतो. मग आगीची उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, पत्रा तापत जातो आणि कोळसाही जास्त लागतो.

म्हणून माझं मत: सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा घालवणारं यंत्र) किंवा आरओ प्लँट आधी, इंजिन नंतर.

सांवेररोड
काका, आरओवर एवढा भरवसा ठेवू नका. मी बॉयलर अटेंडंट आहे. आमच्या आधीच्या कारखान्यात (नाव नको) खपलीला कंटाळून आरओ बसवला आणि सोड्याचा डोस बंद केला. "पाणी शुद्ध आहे, आता औषध कशाला?" असं वर ठरलं. दीड वर्षात नळ्यांना आतून खड्डे पडले. एक नळी कापून पाहिली, तर मसुरीच्या दाण्याएवढे खळगे, प्रत्येकावर तांबड्या गंजाची टोपी. टोपी खरवडली की खाली काळी पूड.

आरओचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, आणि त्यातला विरघळलेला ऑक्सिजन तसाच राहतो. खपली नसली की लोखंड उघडं पडतं. हेरिटेज इंजिनाला हा धोका दुप्पट, कारण ते दोन दिवस चालतं आणि पाच दिवस उभं राहतं. गार बॉयलर अर्धवट भरलेला ठेवला की पाण्याच्या रेषेवरच गंज धरतो. एक तर पार कोरडा करून ठेवा, नाहीतर औषध घातलेल्या पाण्यानं काठोकाठ भरून ठेवा.

रसायनवाली
सॉफ्टनरबद्दलही एक गैरसमज दिसतोय. सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो. खपली थांबते, पण विरघळलेले एकूण क्षार जवळजवळ तेवढेच राहतात. बॉयलरमध्ये 4,000 लिटर पाणी धरा, क्षार 300 पीपीएम, म्हणजे लिटरला 300 मिलिग्रॅम. महूकर म्हणतात तशी रोज 12,000 लिटरची वाफ झाली, तर पहिल्याच संध्याकाळी आतलं पाणी 1,200 वर जातं आणि चौथ्या दिवशी 3,900 वर. साधारण 3,500 च्या पुढे फेसाचा धोका धरतात. शिवाय सोडियम बायकार्बोनेटचा आत सोडा आणि कॉस्टिक होतो, त्यानं फेस आणखी वाढतो.

आणि आपला घाट 1:40 चा आहे. कालाकुंडहून धुराडं पुढे ठेवून चढताना पाणी मागे, फायरबॉक्सवर सरकतं. वर पातालपाणीला सपाटी आली की तेच पाणी पुढे पळतं आणि फायरबॉक्सचा माथा उघडा पडायला येतो. त्यात फेस असेल तर गेज ग्लास, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणारी काच, भरलेला दिसतो, खरं पाणी कितीतरी खाली असतं. ड्रायव्हर काचेवर विश्वास ठेवून निर्धास्त राहतो. शेवटी माथ्यातला शिशाचा प्लग वितळून वाफ आगीवर आली, तर नशीब म्हणायचं. हेच फेसाळ पाणी वाफेबरोबर सिलिंडरमध्ये गेलं, तर पाणी दबत नाही, सिलिंडरचं झाकण फुटतं.

सांवेररोड
ताई, अगदी बरोबर. म्हणून मी ब्लोडाऊन (आतलं क्षारांचं पाणी आणि गाळ खालून सोडून देणं) आणि औषध म्हणतो. सोडा ॲश, टॅनिन, फेस मारणारं औषध, रोज पाण्याची तपासणी. फ्रान्सच्या रेल्वेत लुई आर्मां यांनी आणि पुढे अर्जेंटिनाच्या लिव्हिओ दांते पोर्ता यांनी हेच केलं: चुना पत्र्यावर चिकटू द्यायचा नाही, त्याचा गाळ करायचा आणि खालून सोडून द्यायचा. प्लँटचा खर्च नाही.

महूकर
औषध टाकणारा माणूस रोज हजर असेल, हे कुणी बघायचं? शेडमध्ये वॉशआऊटसाठी अख्खी टोळी असायची. गार झालेल्या बॉयलरचे प्लग काढायचे, सळईनं गाळ ढिला करायचा, वाकून बॅटरी आत धरून बघायचं. आता वर्षातले थोडे दिवस चालणाऱ्या गाडीसाठी माणसं बदलत राहणार. एका चुकलेल्या डोसानं इंजिन जाणार असेल, तर मला मुळातच चांगलं पाणी भरलेलं बरं वाटतं.

नर्मदातीर
मग नर्मदाकाठच्या जलूदहून 1978 पासून इंदूरला येतंय ते नर्मदेचं पाणी टँकरनं न्या ना. बोअरपेक्षा नक्कीच हलकं.

रामबाग
मी स्पष्ट विरोधात आहे. उन्हाळ्यात पातालपाणीचा धबधबा आटतो, गावांना टँकर लागतात, आणि आपण दिवसाला 12,000 लिटर वाफेत उडवायचं? आरओ लावला तर आणखी किती तरी सांडपाण्यात जाणार. डिझेल चालू द्या. इंजिन प्लॅटफॉर्मवर उभं करा, मुलं चढून बघतील.

महूकर
उभं इंजिन गंजतं, दादा. मुलं आकार बघतील, पण वाफेचा आवाज आणि तापलेल्या तेलाचा वास त्यांना कळणार नाही. घाट चढताना इंजिन कसं दम घेतं, ते ऐकूनच मी मोठा झालो.

रसायनवाली
रामबाग यांचा पाण्याचा मुद्दा मला मान्य आहे, उन्हाळ्यापुरता. पण गर्दी होते ती पावसाळ्यात. इंदूरकडे वर्षाला 900 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. शेडचं 250 चौरस मीटर छप्पर धरलं आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं, तरी 1,80,000 लिटर जमतं. म्हणजे पंधरा फेऱ्यांचे दिवस. पावसाच्या पाण्यात चुना जवळजवळ नसतो, त्यामुळे ब्लोडाऊनही कमी लागेल. सांवेररोड म्हणतात तसा सोडा आणि टॅनिन मात्र त्यातही घालावंच लागेल, कारण तेही किंचित आम्लधर्मी असतं.

सांवेररोड
पावसाचं पाणी असेल तर मी प्लँटचा हट्ट सोडायला सांगतो, काका. पण रोजची वही हवी. जडपणा, क्षार, पीएच, किती ब्लोडाऊन केलं, खाली सही. वही नसेल त्या दिवशी आग पेटवायची नाही.

महूकर
वहीची अट मान्य. सॉफ्टनरचं माझं मत मात्र अजून कायम आहे. छप्पर कोरडं असेल त्या दिवशी काय भरणार, ते सांगा.