शॉर्टस्टॉप: माझं मत बॉबी विटलाच

न्यूयॉर्क मेट्सचा फ्रान्सिस्को लिंडोरच बेसबॉलमधला आजचा सर्वोत्तम शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक), हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. २०२४ मध्ये त्याने ३३ होमरन (बहुधा चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणारे फटके) मारले, मेट्सचा भार खांद्यावर घेतला, मान्य. पण त्याच वर्षी कॅन्सस सिटी संघाच्या बॉबी विट ज्युनियरने .३३२ सरासरीने (म्हणजे साधारण दर तीन संधींत एक यशस्वी फटका) अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोनपैकी एका गटात, फलंदाजीत पहिला क्रमांक घेतला, ३२ होमरन मारले, ३१ बेस चोरले (फटक्याची वाट न पाहता धावून पुढचा बेस गाठला), शिवाय उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार! दोन मोसमांत तिशी-तिशी (एकाच मोसमात किमान ३० होमरन आणि ३० चोरलेले बेस) गाठणारा तो पहिलाच शॉर्टस्टॉप. आणि त्याचा वेग बघा. शॉर्टस्टॉपकडे साधा ग्राउंडर (जमिनीलगत जाणारा फटका) गेला की फलंदाज बाद धरूनच चालायचं. विट धावत असेल तर तिथेही क्षेत्ररक्षकाची तारांबळ उडते. त्या वर्षी समोर यांकीजचा ॲरन जज नसता, तर एमव्हीपी (सर्वात मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार) विटचाच होता.